तलवारीचं तेलपाणी : पुण्याच्या पावसाळ्यात पातं कसं राखावं

आमच्या घरात एक तलवार आहे. पणजोबांपासून चालत आलेली, साधी. पात्यावर ना अक्षरं, ना सोन्याचं काम. एका वर्षी पाऊस लागायच्या आधी मी तिला स्वयंपाकघरातलं करडईचं तेल सढळ हातानं चोपडलं, म्यानात सारलं आणि निर्धास्त झालो. खंडेनवमीला बाहेर काढायला गेलो तर ती निघेना. एकानं म्यान धरलं, दुसऱ्यानं मूठ, तेव्हा कुठे हलली. अर्ध्या पात्यावर तपकिरी, गोंदासारखा थर बसला होता आणि त्या थराखाली जागोजागी मोहरीएवढे खड्डे पडले होते. ते खड्डे आजही आहेत. गंज घासून निघतो, पण गंजानं खाल्लेलं पोलाद परत येत नाही.

म्हणून हा लेख, ज्यांच्याकडे तलवार नुकतीच आली आहे त्यांच्यासाठी. कुणाला घराण्यातली मिळाली असेल, कुणी मर्दानी खेळ शिकायला लागलं असेल, कुणाला सत्कारात मिळाली असेल. तेल लावायचं की मेण, कोणतं आणि किती, हे ठरवायला फार मोठं ज्ञान लागत नाही. तलवार कुठे राहते आणि किती वेळा हातात येते, एवढंच आधी नीट पाहावं लागतं.

त्याआधी कायद्याचं एक. 1959 च्या शस्त्र कायद्यात आणि 2016 च्या नियमांत तलवारीची गणना शस्त्रांत होते. आपल्याकडची तलवार ठेवायला, मिरवायला काय लागतं, याची विचारणा आपल्या भागातल्या पोलिस ठाण्यात करून घ्या आणि मगच पुढच्या कामाला लागा.

पहिलं काम : पातं ओळखा

पुण्यात नवख्याच्या हाती येणाऱ्या तलवारी ढोबळमानानं तीन प्रकारच्या असतात.

शोभेची तलवार म्हणजे सत्काराची किंवा लग्नात नवरदेवाच्या हाती असते ती. ही बहुधा स्टेनलेस स्टीलची असते, नाहीतर साध्या लोखंडावर क्रोम-निकेलचा मुलामा असतो. स्टेनलेसमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं, त्यामुळे ती गंजायला वेळ लागतो. वर्षातून एकदा पुसून मेणाचा हात फिरवला तरी पुरतं. मुलाम्याच्या तलवारीला मात्र फसू नका. मुलाम्याला केसाएवढी चीर गेली की पाणी आत शिरतं, खालचं लोखंड गंजतं आणि वरची चकाकी पापुद्र्यासारखी उडू लागते. लोहचुंबक लावून दोन्हींतला फरक कळत नाही, कारण पात्यांसाठी वापरलं जाणारं बरंचसं स्टेनलेससुद्धा चुंबकाला चिकटतं. मुठीजवळ आणि टोकाशी बारीक फोड आलेत का, हे भिंगातून पाहा.

सरावाची तलवार आणि पट्टा यांची गोष्ट वेगळी. ही पाती बहुधा स्प्रिंग स्टीलची असतात, पुष्कळदा ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून घडवलेली. लवचिक, चिवट, पण गंजाच्या बाबतीत अगदी उघडी. वर घाम, धूळ आणि आखाड्याची तांबडी माती. त्या मातीत तेल, हळद, ताक मुरवलेलं असतं. कुस्तीगिराच्या अंगाला ती माती मानवते, पोलादाला मानवत नाही.

तिसरी जुनी, घराण्यातली. हिच्याबाबत सगळ्यात जास्त सावध राहायचं. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते का पाहा. ते जौहरदार पोलाद असेल तर घासूनपुसून चकचकीत करण्याच्या नादात ती नक्षी पुसली जाते. मुठीवर सोन्या-चांदीच्या तारेचं कोफ्तगिरीचं काम असेल तर जोरात चोळल्यावर तार सुटते. आणि आपल्याकडच्या जुन्या तलवारींचं पातं मुठीत लाख-राळेच्या लुकणानं बसवलेलं असतं. उन्हात तापवली, गरम पाण्यानं धुतली, हेअर ड्रायर मारला, की ते लुकण मऊ पडतं आणि मूठ डुगडुगायला लागते. जुन्या तलवारीला उष्णता नाही, पाणी नाही, पॉलिश मशीन नाही. ही तीन पथ्यं पाळलीत तर अर्धी तलवार राखलीत.

पुण्याचं वर्ष ध्यानात घ्या

हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर पाण्याचा न दिसणारा थर धरतो आणि गंजाचा वेग एकदम वाढतो. पात्यावर घामातलं मीठ असेल तर त्याहून कोरड्या हवेतही गंज सुरू होतो, कारण मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पुण्यात चैत्र-वैशाखातली दुपार इतकी कोरडी असते की उघडं पातंही चार दिवस तग धरतं. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता दिवसचे दिवस 80 टक्क्यांच्या वर राहते. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांना वास येतो, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. तुमच्या स्वयंपाकघरातलं मीठ ओलं झालं असेल तर तलवारीकडे पाहायची वेळ झाली, एवढं सोपं आहे ते.

घड्याळाएवढा डिजिटल आर्द्रतामापक ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. तलवार असते त्या खोलीत, शक्यतो त्याच कपाटात, तो ठेवा. आकडा डोळ्यांसमोर असला की आळस होत नाही.

हल्लीच्या घरांत आणखी एक गोष्ट घडते. तलवार एसीच्या खोलीत भिंतीवर असते आणि पावसाळ्यात ती एकदम गॅलरीत किंवा हॉलमध्ये आणली जाते. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर जसे थेंब जमतात, तसेच पात्यावर जमतात. अशा वेळी ती कापडात गुंडाळूनच बाहेर आणा आणि तासभर तशीच ठेवून मग उघडा.

तेल की मेण?

जी तलवार हलते तिला तेल, जी जागेवर राहते तिला मेण. माझ्यापुरता मी असाच हिशोब ठेवला आहे.

तेलाचा थर ओला असतो. ओरखडा पडला की आजूबाजूचं तेल सरकून तिथे पोचतं. पुसायला सोपं, पुन्हा लावायला सोपं. पण ते धूळ धरतं, हळूहळू खाली ओघळतं, हाताला लागतं आणि काही आठवड्यांत पातळ होऊन जातं. मेणाचा थर कोरडा आणि घट्ट असतो. धूळ चिकटत नाही, बोटांचे ठसे थेट पोलादापर्यंत जात नाहीत आणि न हलवलेल्या तलवारीवर तो सहा महिने ते वर्षभर टिकतो. पण एकदा खरवडला गेला की तिथे तो परत भरून येत नाही. म्यानातून दहा वेळा काढ-घाल केलेल्या मेणलेल्या पात्याकडे तिरप्या उजेडात पाहा. म्यानाचं तोंड जिथे घासतं तिथे आणि टोकापाशी मेण उडालेलं दिसेल.

म्हणून रोज किंवा आठवड्याला सरावाला जाणाऱ्या तलवारीला तेल. भिंतीवर किंवा काचेच्या पेटीत असणाऱ्या तलवारीला मेण. म्यानात राहणाऱ्या आणि सणासुदीलाच निघणाऱ्या घराण्यातल्या तलवारीला मी मेणच लावतो, पण पावसाळाभर तिला म्यानाबाहेर ठेवून. दोन्ही एकावर एक लावू नका. तेलावर मेण धरत नाही आणि मेणावर तेल ओतलं की मेण मऊ पडून सगळा राडा होतो.

तेल निवडताना

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि मी केलेलीही इथलीच.

घरातली खाण्याची तेलं आपल्याला जवळची वाटतात. आजीनं विळीला, अडकित्त्याला खोबरेल लावलेलं आपण पाहिलेलं असतं. विळी रोज घासली जाते, रोज वापरली जाते, म्हणून तिथे ते चालतं. तलवार चार महिने बंद राहते. करडई, जवस, सूर्यफूल ही तेलं हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होत जातात. जवसाचं तेल रंगकामात वापरतात ते याच गुणासाठी. पात्यावर पातळ पसरलं की तेच होतं: आधी चिकट, मग पिवळसर, मग वार्निशसारखं कडक. त्याखाली अडकलेला ओलावा कुठे जाणार? जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप तापून पेटूही शकतात, हे जाता जाता सांगतो, कारण लाकडाला ते लावणारे पुष्कळ जण आहेत.

शेंगदाणा, तीळ ही तेलं इतक्या लवकर कडक होत नाहीत, पण खवट होतात. खवटपणा म्हणजे तेलातून सुटी झालेली मेदाम्लं. ती पोलादाला हळूहळू खातात आणि पितळी मुठीवर हिरवा कळंक आणतात. खोबरेल सहसा चिकटत नाही, पण तेही खवट होतं आणि पुण्याच्या थंडीत थिजतं. थिजलं की एका जागी गोळा, दुसऱ्या जागी उघडं पोलाद. घाण्याचं ताजं, शुद्ध तेल असलं तरी या गुणधर्मांत फरक पडत नाही. ते पोटासाठी चांगलं आहे, तलवारीसाठी नाही.

मग लावायचं काय? खनिज तेल. ते खवट होत नाही, गोंद धरत नाही, आणि त्यात आम्ल नसतं. त्यातलं सगळ्यात सोपं, स्वस्त आणि गल्लोगल्ली मिळणारं म्हणजे शिलाई मशीनचं तेल. रंग पाण्यासारखा, वास जवळजवळ नाही, पातळ असल्यानं सहज पसरतं. नवख्यानं दुसरं काही शोधत बसूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. औषधांच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन हे त्याच जातीचं, जरा जाड. पावसाळ्यात ते जास्त टिकतं.

जपानी तलवारींसाठीचं चोजी तेल लोक बाहेरून मागवतात. परंपरेनं ते त्सुबाकी म्हणजे कॅमेलियाच्या बियांचं तेल आणि लवंगेचा किंचित अर्क असं असे. आज विकलं जाणारं बरंचसं चोजी हे हलकं खनिज तेलच असतं, लवंगेच्या वासाचं. कटाना बाळगणाऱ्याला त्या वासाचं आणि रीतीचं अप्रूप असतं, ते मी समजू शकतो. रक्षणाचं काम मात्र तेच आणि तेवढंच होतं.

डब्ल्यूडी-40 बद्दल हमखास विचारलं जातं. 1953 मध्ये अमेरिकेत ते तयार झालं ते पाणी हटवण्यासाठी. नावातली दोन अक्षरं पाणी हटवण्याची आणि 40 हा चाळिसाव्या प्रयत्नाचा आकडा. मिरवणुकीत पाऊस लागला, पातं भिजलं, तर घरी आल्यावर आधी याचा फवारा मारून पुसणं उत्तम. गंज मऊ करायलाही ते उपयोगी. पण त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे उरतो तो थर फार पातळ असतो. त्याच्यावर पावसाळा काढायला निघू नका. पुसून वर खनिज तेल लावा.

गॅरेजमधलं काढून टाकलेलं काळं ऑइल कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. त्यात इंजिनातली आम्लं, पाणी आणि धातूची भुकटी असते. गंज अडवायच्या ऐवजी आपण तोच लावतो. ग्रीस आणि पेट्रोलियम जेली यांचं काम वेगळं: तलवार सहा-आठ महिने कुणी उघडणारच नसेल, घर बंद राहणार असेल, तर औषधाच्या दुकानातली बिनवासाची साधी पांढरी पेट्रोलियम जेली पात्यावर पातळ लावून वर मेणकागद गुंडाळावा. वैशाखात ती मऊ पडते, म्हणून अशी तलवार म्यानात घालू नये, आडवी ठेवावी. सिलिकॉनचे फवारे मी टाळतो. ते पुढे काढायला फार जड जातं आणि ते राहिलेल्या जागी मेण धरत नाही.

यातलं काहीच पटत नसेल तर स्वतः परीक्षा घ्या. फॅब्रिकेशनच्या दुकानातून साध्या लोखंडाची एक पट्टी घ्या, बोटभर लांबीचे सहा तुकडे करून घ्या, पॉलिश पेपरनं चकाकवा, स्पिरिटनं (म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसा. एक तसाच ठेवा, बाकीच्यांना एकेक तेल आणि मेण लावा, मागे मार्करनं नाव लिहा आणि जुलैत गॅलरीत पाऊस न लागेल अशा ठिकाणी दोऱ्यानं टांगा. मी हे केलं तेव्हा उघडा तुकडा दुसऱ्याच दिवशी पिवळा पडला होता. महिन्याभरात करडईच्या तुकड्यावर बोट चिकटत होतं. शिलाई मशीनच्या तेलाचा तुकडा तिसऱ्या आठवड्यापर्यंत स्वच्छ होता, मग कडेनं डाग सुरू झाले. तेव्हापासून मी पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या वर जात नाही. हे माझ्या गॅलरीचं. तुमच्या घराचा आकडा तुमचे तुकडेच सांगतील.

मेण निवडताना

संग्रहालयांत सर्रास वापरलं जातं ते मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स. हे पेट्रोलियमपासून काढलेलं, अतिशय बारीक कणांचं, आम्ल नसलेलं मेण. त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव म्हणजे रेनेसान्स वॅक्स. ते 1950 च्या दशकात ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालं. छोटी डबी महाग वाटते, पण एका तलवारीला एका वेळी वाटाण्याएवढं लागतं, त्यामुळे डबी वर्षानुवर्षं पुरते. घराण्यातल्या तलवारीसाठी मी दुसरं काही सुचवणार नाही.

मधमाशांचं मेण नैसर्गिक म्हणून अनेकांना आवडतं. त्यात मुळातच थोडी आम्लं असतात आणि ते चिकट राहतं, धूळ धरतं. सरावाच्या तलवारीच्या लाकडी दांड्याला, मुठीच्या चामड्याला ते छान, जुन्या पात्याला नको. मेणबत्तीचं पॅराफिन ठिसूळ असतं, त्याला भेगा पडतात. बुटांच्या पॉलिशमध्ये रंग असतो. गाडीला लावायचं कार्नोबा मेण कठीण आणि टिकाऊ असतं, शोभेच्या आणि सरावाच्या तलवारीला चालतं, पण पुष्कळ डब्यांत गाडी चकाकवायची भुकटी मिसळलेली असते. ती ओळखायला निकामी सीडीच्या चकचकीत बाजूवर थोडं घासून पाहा. धुरकट चरे उठले तर ते तलवारीला नको.

लावायची रीत

सामान जमवा: धुतलेलं मऊ सुती कापड, म्हणजे जुन्या धोतराचे किंवा मलमलीचे तुकडे, स्पिरिट म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, नायट्राइलचे हातमोजे आणि तेल किंवा मेण. हार्डवेअरचं सामान रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतं, बाकीचं औषधांच्या दुकानात. सॅनिटायझर म्हणजे स्पिरिट नव्हे. त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. खिडक्या उघडा, देवघरातला दिवा शांत झाल्यावरच कामाला बसा, कारण स्पिरिटची वाफ पेट घेते. मुलांना बाजूला ठेवा.

तलवार पाटावर किंवा टेबलावर जाड कापडावर आडवी ठेवा. पुसताना कापड पाठीकडून धरा, धारेकडून नव्हे, आणि हात मुठीकडून टोकाकडे एकाच दिशेनं न्या. उलटा हात आला की कापड धारेत अडकतं आणि बोट जातं. कितीही बोथट वाटली तरी हा नियम मोडू नका.

आधी जुनं तेल कोरड्या कापडानं काढा, मग स्पिरिटच्या ओल्या कापडानं दोनदा पुसा. कापड काळं येणं थांबलं की झालं. पात्यावरच्या खोलगट नळीत आणि मुठीच्या तोंडाशी जुनं तेल साठून राहतं, तिथे कापड दाताच्या काडीवर गुंडाळून फिरवा. स्पिरिट मुठीच्या आतल्या लाख-राळेला आणि मखमलीच्या गादीला लागू देऊ नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

गंज दिसला तर? लालसर, भुकटीसारखा ताजा गंज असेल तर त्यावर तेलाचा थेंब टाका, रात्रभर राहू द्या आणि सकाळी बांबूच्या कामटीनं किंवा खरखरीत कापडानं उचला. सरावाच्या तलवारीला 0000 नंबरची स्टील वूल तेलात भिजवून हलकी फिरवायला हरकत नाही. जुन्या तलवारीवरचा काळसर, गुळगुळीत, हाताला न लागणारा थर हा गंज असला तरी स्थिर झालेला असतो, तो तसाच राहू द्या. तोच तिचं वय सांगतो आणि तिला जपतोही. चिंच, लिंबू, राख, विटेची भुकटी, तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर, यांतलं काहीही पोलादाला लावू नका. खोल खड्डे, सुटलेली मूठ, निघालेली सोन्याची तार असं काही असेल तर घरी हात न लावता धातूंच्या जतनाचं काम जाणणाऱ्या माणसाला दाखवा.

आता तेल. हातभर लांबीच्या पात्याला एका बाजूला दोन-तीन थेंब. कापडावर घ्या, पात्यावर नव्हे. सगळीकडे फिरवा आणि मग दुसऱ्या, कोरड्या कापडानं जवळजवळ पुसून काढा. हे ऐकून नवीन माणसाचा जीव कासावीस होतो, पण थेंब दिसत असतील तर तेल जास्त झालं. जास्तीचं तेल ओघळून म्यानाच्या लाकडात आणि मुठीत मुरतं, तिथे धूळ धरतं, आणि ती ओली धूळच पुढे पात्याला ओरबाडते. उजेडात पात्यावर किंचित धुरकट झाक दिसली की पुरे.

मेण लावायचं तर पातं पूर्ण कोरडं, बिनतेलाचं आणि खोलीच्या उबेला आलेलं हवं. मोजे घालूनच. बोटाएवढ्या कापडावर अगदी थोडं मेण घेऊन वीतभर भागावर पातळ पसरा आणि ते वाळून पांढरं पडायच्या आत स्वच्छ कापडानं चमकवा, मग पुढची वीत. अर्ध्या तासानं दुसरा हात द्या. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर कधीही बरे. कोफ्तगिरीच्या मुठीवर चोळायचं नाही, मऊ ब्रशनं टेकवत लावायचं.

सरावाच्या दिवशी वेळ नसतो, हे मलाही माहीत आहे. तेव्हा एवढं तरी करा: तालमीतून निघताना कोरड्या कापडानं पातं पुसा, मग तेलाचं कापड एकदा फिरवा. हे तेलाचं कापड झाकणाच्या डबीत पिशवीतच ठेवायचं. दांडपट्ट्याचं पातं तर पुसलं जातं, पण खोबळ्याच्या, म्हणजे हात झाकणाऱ्या लोखंडी मुठीच्या आत हाताचा घाम साठतो आणि पातं जिथे खिळ्यांनी जोडलेलं असतं तिथे गंज आतून धरतो. खोबळा उलटा करून वाळवा आणि त्या सांध्यात दर आठवड्याला तेलाचा एक थेंब सोडा. 2024 मध्ये महाराष्ट्रानं दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. तो मान सांध्यातल्या त्या एका थेंबापर्यंत पोचायला हवा.

ठेवायची जागा

म्यान हे तलवार नेण्यासाठी आहे, साठवण्यासाठी नाही. लाकूड, चामडं, मखमल तिन्ही पावसाळ्यात ओल धरतात, आणि कमावलेल्या चामड्यात आम्लंही असतात. ज्येष्ठ लागला की तलवार म्यानाबाहेर काढा, धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात सैल गुंडाळा आणि लोखंडी कपाटात आडवी ठेवा. म्यान शेजारी वेगळं. बाहेरच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीला लागून टांगू नका. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, तो कागद आम्लयुक्त असतो आणि ओल धरतो. प्लास्टिकच्या पिशवीत आतल्या आत घाम सुटतो.

पीव्हीसीच्या पाइपला दोन्हीकडे टोपण लावून नळी करायची युक्ती अनेक जण सांगतात. पीव्हीसी जुनं होताना त्यातून आम्लाची वाफ सुटते, म्हणून मी ती वापरत नाही. पॉलिप्रॉपिलीनचा लांब, घट्ट झाकणाचा डबा मिळाला तर उत्तम. त्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. केशरी दाणे हिरवे झाले की त्यांची तहान भागली असं समजा आणि ओव्हनमध्ये 120 अंशांच्या आत दोन-एक तास तापवून पुन्हा वापरा. निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्टचं विषारी मीठ असतं.

राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर तिथली शस्त्रं या नजरेनं बघा. बंद काच, हाताचा स्पर्श नाही. आपल्या घरी तेवढं जमत नाही, पण दिशा तीच.

खंडेनवमी आणि लग्नघर

वर्षभर जपलेलं पातं एका दिवसात डागाळतं ते बहुतेक याच दोन प्रसंगी. पूजा करायचीच, आणि मनापासून करायची. मी आदल्या संध्याकाळी पातं स्पिरिटनं पुसून त्याला मेणाचे दोन हात देतो. पूजेला तलवार पाटावर सुती वस्त्रावर ठेवतो. कोरडं हळद-कुंकू पात्यावर मुठीजवळ एकाच जागी, बोटाच्या टोकानं. ओलं गंध नाही. पंचामृत ताम्हनात देवाला, तलवारीला फुलानं नुसता स्पर्श. झेंडूचा हार मुठीवर न घालता भोवती मांडतो. ओल्या देठांचा रस जिथे टेकतो तिथे सकाळी तपकिरी रेघ दिसते. आपट्याची पानं शेजारी. उत्तरपूजा झाली की तलवार रात्रभर तशी न ठेवता त्याच दिवशी कोरड्या कापडानं कुंकू टिपून घेतो, घासत नाही, मग स्पिरिट, मग पुन्हा मेण.

राहिलं लिंबू. पूजेत तलवारीच्या टोकाला आणि लग्नात नवरदेवाच्या कट्यारीला लिंबू खोचायची रीत आहे. लिंबाच्या आम्लाचा काळा डाग घासल्याशिवाय निघत नाही, आणि घासायचं तर जुन्या पात्याला नाही. म्हणून लिंबू दोऱ्यानं म्यानाच्या टोकाला बांधा. लग्नघरात कट्यारीसाठी ते कुणी ऐकत नसेल तर आधी टोकाला पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्या आणि अक्षता पडल्या की लगेच लिंबू काढा. डागाची शंका आली तर खाण्याच्या सोड्याच्या ओल्या कापडानं टोक पुसा, मग साध्या पाण्याच्या कापडानं, मग कोरड्यानं, मग तेल. हे काम करवलीवर सोपवा आणि तेलाची डबी तिच्याच हातात द्या. त्या गडबडीत नवरदेवाला ते आठवणार नाही.